परक्या संगणकावर लिहायचे कशाने?
(युनिक्स कुळातील लेखन-संपादकांची ओळख)

बी. ए. द्वितीय वर्ष

संपादक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे या अंकाचे संपादक मंडळ उभे राहते. लेख मागणारे, मुदत देणारे आणि शेवटी निम्मा मजकूर कापणारे! संगणकाच्या जगात मात्र संपादक ही एक आज्ञावली असते. इंग्रजीत तिला टेक्स्ट एडिटर म्हणतात. आपण टंकलेला मजकूर ती पडद्यावर दाखवते, खोडू देते, बदलू देते आणि सांगितल्यावर जसाच्या तसा फाईलमध्ये साठवते. अक्षरे ठळक करणे, समास आखणे, चित्र चिकटवणे ही कामे वर्ड प्रोसेसरची. संपादकाचा व्यवहार अक्षरांपुरताच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला याचे काय, असे कोणी विचारील. संगणक म्हणजे विज्ञान शाखेची मिरास, अशी समजूत आपल्याकडे अजून पुष्कळ आहे. पण आपण कला शाखेचे लोक दिवसभर करतो काय? वाचतो आणि लिहितो. लिहिण्याच्या साधनाची माहिती सर्वांआधी आपल्यालाच असायला हवी. धानकापणीला परगावी गेलेला मजूर तिथे विळा मिळेल हे गृहीत धरतो. त्याची मूठ कशी आहे एवढेच हातात घेऊन पाहतो. परक्या संगणकापुढे बसल्यावर आपल्यालाही तसेच गृहीत धरता यावे. अशा यंत्रावर कोणता संपादक सापडेल, तो तिथे का सापडतो आणि त्यात आपली मराठी लिहिता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

युनिक्सचे कूळ

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. पुढे तिच्या धर्तीवर अनेक प्रणाली निघाल्या. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बी.एस.डी. तयार झाली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. अॅपलच्या मॅक संगणकातील प्रणालीही याच कुळातली. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियन नावाच्या लिनक्सवर आधारलेली आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालते. आणि लांब कशाला जावे? आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे, त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

यांतली पुष्कळ यंत्रे आपल्यापासून शेकडो कोस दूर, एखाद्या बंद खोलीत असतात. त्यांच्याशी बोलायचे तर एका काळ्या खिडकीतून अक्षरांच्या भाषेतच बोलावे लागते. या खिडकीला टर्मिनल म्हणतात. तिथे माउस नाही, चित्रे नाहीत. एखादी फाईल बदलायची झाली तर त्या यंत्रावर जो संपादक असेल तोच वापरावा लागतो. म्हणून कोणता असेल हे आधी ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

कागदावर बोलणारा ईडी

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे 'ईडी'. वर्तमानपत्रात रोज गाजणाऱ्या ईडीशी याचा काडीचा संबंध नाही. एडिटर या शब्दाची पहिली दोन अक्षरे, एवढेच. तो थॉम्प्सन यांनी १९६९च्या सुमारास लिहिला. त्या काळी संगणकाला पडदा नसे. टेलिटाइप नावाचे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर अक्षरे ठोकत असे आणि त्याचा वेग सेकंदाला अवघी दहा अक्षरे. संपूर्ण पान पुन्हा छापून दाखवायचे तर मिनिटेच्या मिनिटे जात. म्हणून ईडी मितभाषी झाला. तो एका वेळी ओळ किंवा ओळी हाताळतो. सांगितल्याशिवाय काही दाखवीत नाही. आपले काही चुकले तर उत्तरादाखल फक्त एक प्रश्नचिन्ह देतो.

त्याचा वापर पाच मिनिटांत शिकता येतो. लहान लिपीतील ए टंकून एंटर दाबले की लेखन सुरू. लिहून झाले की नव्या ओळीवर फक्त एक टिंब द्यायचे. मग डब्ल्यू आणि फाईलचे नाव दिले की मजकूर साठतो. क्यू दिले की आपण बाहेर.

आज हा ईडी सापडतो का? युनिक्ससारख्या प्रणालींत काय असावे हे ठरवणारे पॉझिक्स नावाचे एक मानक आहे. त्यात ईडी अनिवार्य आज्ञांमध्ये आहे. बी.एस.डी. आणि मॅकवर तो असतो. पण लिनक्सच्या अनेक वितरणांत तो मुद्दाम बसवून घ्यावा लागतो. थोडक्यात, नियमाने जो असलाच पाहिजे तो व्यवहारात नेहमी असतोच असे नाही.

साहित्याच्या प्रश्नातून जन्मलेले साधन

ईडीची एक गोष्ट आपल्या शाखेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १७८७-८८ साली अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ ८५ निबंध प्रसिद्ध झाले. 'फेडरलिस्ट पेपर्स' या नावाने ते ओळखले जातात. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ते 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने लिहिले. त्यामुळे काही निबंध नक्की कोणाचे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहन यांना शब्दांच्या वापरावरून लेखक ओळखता येतो का, हे तपासायचे होते. त्यासाठी ठरावीक शब्द असलेल्या ओळी सबंध मजकुरातून वेचायच्या होत्या. ईडीला हे काम येत होते, परंतु तेवढा मोठा मजकूर त्याच्या स्मृतीत मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी ईडीतील शोधण्याचा भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र आज्ञा केली. ही हकीकत त्यांचे सहकारी ब्रायन कर्निघन यांनी सांगितली आहे. ती आज्ञा म्हणजे 'ग्रेप'. हे नावही ईडीच्याच भाषेतले आहे. जी म्हणजे सर्वत्र, आर-ई म्हणजे शोधायचा नमुना, पी म्हणजे छाप. १९७३पासून आजतागायत ती युनिक्स कुळातील प्रत्येक यंत्रावर आहे.

निबंधाचा लेखक कोण, हा तर आपल्या मराठी विभागात शोभावा असा प्रश्न! ज्या साधनावाचून आज संगणक-अभियंत्याचा एक दिवस जात नाही, ते या प्रश्नाच्या पोटी जन्मले आहे.

व्ही आय : आत शिरणे सोपे

पुढे काचेच्या पडद्याची टर्मिनले आली आणि सबंध पान एकदम पाहता येऊ लागले. १९७६ साली बर्कली विद्यापीठातील बिल जॉय या विद्यार्थ्याने ईडीच्या परंपरेतला 'एक्स' नावाचा संपादक लिहिला. त्याचेच पडद्यावरचे रूप म्हणजे 'व्ही आय'. व्हिज्युअल या शब्दाची ही पहिली दोन अक्षरे. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत, त्याच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या कळांवरच बाण कोरलेले होते. म्हणून आजही व्ही आयमध्ये या चार कळांनी कर्सर डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जातो. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत, कारण मंद जोडणीवरून प्रत्येक अक्षर पोचायला वेळ लागत असे.

व्ही आयच्या दोन अवस्था आहेत. उघडताना तो आज्ञेच्या अवस्थेत असतो. तेव्हा दाबलेली कळ हा हुकूम असतो, मजकूर होत नाही. आय दाबले की लेखनाची अवस्था सुरू होते. एस्केप दाबले की परत आज्ञेची. हे ठाऊक नसलेल्या नवख्याची गत चक्रव्यूहातल्या अभिमन्यूसारखी होते. आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. म्हणून दोन मंत्र पाठ असावेत. एस्केप दाबून कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर दिले की मजकूर साठवून बाहेर. एस्केप दाबून कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर दिले की केलेले बदल टाकून बाहेर. सर्व अक्षरे लहान लिपीतील हवीत.

पॉझिक्स मानकात व्ही आय ऐच्छिक विभागात आहे. प्रत्यक्षात मात्र सर्वांत हमखास भेटणारा संपादक हाच. फक्त नाव एक आणि माणसे वेगळी, असा प्रकार असतो. डेबियन व उबुंटूमध्ये व्ही आय म्हणून 'विम' या संपादकाची लहान आवृत्ती उघडते. बी.एस.डी.मध्ये एन-व्ही-आय असतो. अगदी छोट्या यंत्रांत बिझीबॉक्स नावाच्या एकाच आज्ञावलीत व्ही आयही गुंडाळलेला असतो. मूठ निरनिराळी, पाते तेच. वरील दोन मंत्र सगळीकडे लागू पडतात.

विमचे कर्ते ब्राम मोलेनार हे नेदरलँड्सचे. १९९१ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि २०२३ साली निधन होईपर्यंत त्याची निगा राखली. विमची किंमत त्यांनी घेतली नाही. ज्याला तो उपयोगी पडेल त्याने युगांडातील अनाथ मुलांच्या मदतीसाठी यथाशक्ती द्यावे, एवढी विनंती मात्र ते उघडतानाच्या पडद्यावर करीत.

नॅनो आणि इतर

ज्यांना दोन अवस्थांचा घोळ नको, त्यांच्यासाठी 'नॅनो' आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात पाईन ही ई-पत्रांची प्रणाली तयार झाली, तिच्यासोबत पिको नावाचा सोपा संपादक येत असे. पण त्याच्या परवान्यात बदल करून वाटण्याची मोकळीक नव्हती. म्हणून १९९९ साली ख्रिस अॅलेग्रेटा यांनी त्याच्यासारखाच, परंतु मुक्त परवान्याचा संपादक लिहिला. २०००पासून त्याचे नाव नॅनो झाले. यात उघडल्याबरोबर लिहिता येते. मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशी दोन ओळींत दिसत राहतात. कंट्रोल आणि ओ म्हणजे साठवा, कंट्रोल आणि एक्स म्हणजे बाहेर पडा. डेबियन-उबुंटूमध्ये तो बहुधा असतोच. फेडोरा या वितरणानेही २०२०मध्ये त्यालाच नेहमीचा संपादक केले. अँड्रॉइडवर टर्मक्स हे अॅप बसवले की त्यातही नॅनो येतो. माझा सराव तिथलाच आहे. ज्याच्या घरी संगणक नाही, त्यानेही वाट पाहत बसू नये, म्हणून हे सांगितले.

'ईमॅक्स' हा चौथा प्रसिद्ध संपादक. १९७६ साली मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.मध्ये त्याचा उगम झाला आणि १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली. तो संपादकापेक्षा मोठा वाडाच आहे, खोल्यांमागून खोल्या. मात्र तो आयता सापडेल अशी अपेक्षा करू नये. बहुतेक ठिकाणी तो मागून बसवावा लागतो. मॅकमध्ये पूर्वी तो येत असे, २०१९च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला.

चित्रमय पडदा असेल तर प्रश्न सोपा होतो. ग्नोम पडद्यावर टेक्स्ट एडिटर (२०२२पूर्वी तिथे जीएडिट असे), के.डी.ई.वर केट किंवा केराईट आणि एक्स-एफ-सी-ई या हलक्या पडद्यावर माउसपॅड, असा साधारण हिशेब आहे.

मराठीचे काय?

आता आपल्या घरचा प्रश्न. या सर्व संपादकांत मराठी राहते का?

संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक, हे ठरलेले असावे लागते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट या तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ साली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. जगातील सर्व लिप्यांसाठी जी युनिकोड प्रणाली झाली, तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. आणि युनिकोडचे अंक फाईलमध्ये लिहिण्याची यू-टी-एफ-८ ही सर्वमान्य पद्धत १९९२ साली कोणी आखली? रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी. ईडी लिहिणारे तेच थॉम्प्सन!

उदाहरणादाखल आपल्या गावाचेच नाव घेऊ. 'गोरेगाव' यात वाचताना चार अक्षरे. युनिकोडच्या दृष्टीने ग, ओकार, र, एकार, ग, आकार आणि व अशी सात चिन्हे. प्रत्येकी तीन बाईट, म्हणजे फाईलमध्ये २१ बाईट. हे २१ बाईट नॅनोत लिहा, विममध्ये उघडा, दुसऱ्या देशातल्या यंत्रावर पाठवा, ते गोरेगावच राहतात. टर्मिनलच्या खिडकीत पुष्कळदा जोडाक्षरे नीट जुळत नाहीत आणि वेलांट्या सरकलेल्या दिसतात. पण तो दाखवण्यातला दोष आहे, साठवलेला मजकूर शाबूत असतो. केट किंवा ग्नोमचा संपादक उघडला की तोच मजकूर नीट दिसतो.

याउलट कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची गोष्ट. त्यात इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये टंकलेले 'गोरेगाव' संगणकाच्या लेखी एक्स, के, एस, जे, एस, एक्स, के, ओ अशी आठ रोमन अक्षरे असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली की हीच अक्षरे समोर येतात. आपल्या भागातील कितीतरी पुस्तके, स्मरणिका आणि अहवाल अशा फॉन्टमध्ये टंकले गेले आहेत. छापील प्रत आहे तोवर ते वाचता येतात. त्यांच्या फाईलींत मराठी शब्द शोधू गेल्यास मराठीचे एक अक्षरही सापडत नाही.

एक छोटा प्रयोग

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत बोलली जाणारी झाडीबोली ही आपली घरची भाषा. घरात बोलतो ती आणि उत्तरपत्रिकेत लिहितो ती, यांत अंतर आहे आणि ते आपल्यापैकी पुष्कळांनी पहिलीच्या वर्गापासून अनुभवले आहे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. घरी सहज बोलले जाणारे शब्द माझ्याच तोंडून कमी होत चालले आहेत, हे ध्यानात आल्यावर मी ते नॅनोत उतरवू लागलो. एका ओळीत एक शब्द, त्यापुढे अर्थ. बोडी म्हणजे लहान तळे. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्याचे प्रकार.

ही ओळींची यादी सॉर्ट या आज्ञेला दिली की ती वर्णानुक्रमे लागून येते. खडीगंमत, दंडार, धुरा, पऱ्हे, बांधी, बोडी. ग्रेपला 'धान' हा शब्द दिला की बांधी आणि पऱ्हे या दोनच ओळी समोर येतात. सहा शब्दांसाठी याची गरज नाही; सहाशे झाले की गरज कळते.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. 'पऱ्हे' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण त्यांचे अंक वेगळे असल्यामुळे एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर ग्रेपला सापडत नाही. म्हणून आरंभीच एक तऱ्हा ठरवून सर्वांनी तीच वापरावी.

संपादकाचा आणखी एक गुण इथे कामी येतो. फोनवरची टंकलेखनाची सोय आपला शब्द बदलून प्रमाण मराठीतला शब्द घालू पाहते. वर्ड प्रोसेसर त्याखाली लाल रेघ ओढतो. ईडी, व्ही आय, नॅनो यांना मुळातच शुद्ध-अशुद्ध कळत नाही. जे लिहाल ते ठेवतील. बोलीचे शब्द जसे ऐकले तसे नोंदवायचे असतील तर असाच लेखनिक हवा.

तात्पर्य

सारांश असा. युनिक्स कुळातील यंत्रापुढे बसल्यावर व्ही आय असेल असे धरून चालावे. त्याचा एखादा भाऊबंद तरी असतोच. लिनक्स असेल तर आधी नॅनो टंकून पाहावे, बहुधा मिळेल. ईडी मानकाने अनिवार्य, पण लिनक्सवर त्याची खात्री नाही. ईमॅक्स मागून घ्यावा लागेल. काही आज्ञा स्वतःहून संपादक उघडतात. त्या 'व्हिज्युअल' आणि 'एडिटर' या दोन नावांखाली आपण काय ठरवून ठेवले आहे ते पाहतात. काहीच ठरवले नसेल तर पुष्कळ ठिकाणी व्ही आय उघडतो. तेव्हा घाबरू नये, एस्केप आणि वरचे दोन मंत्र आठवावेत. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांना मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून विनामूल्य ऐकता येतात.

शेवटी मराठी विभागातील प्राध्यापकांना आणि माझ्या वर्गबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या महाविद्यालयात तालुक्याच्या गावोगावची मुले येतात. प्रत्येकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून पन्नास शब्द ऐकून, गावाच्या नावासह, युनिकोडमधील साध्या फाईलीत उतरवून आणावेत. फाईली एकत्र जोडायला एक आज्ञा पुरते आणि वर्णानुक्रम लावायला दुसरी. खर्च काहीही नाही. तो संग्रह कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही संपादकात उघडेल आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात भर घालता येईल.